मावशीच्या काउन्सिल फ्लॅटमधली बुरशी, दर एप्रिलला वाढणारं भाडं आणि काउन्सिल नावाचा घरमालक

इथे विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मावशी आणि काका पश्चिम लंडनमध्ये पंचवीसेक वर्षं काउन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, फ्लॅटमध्ये राहतात, पाचवा मजला, बेडरूमच्या कोपऱ्यात दोन हिवाळे झाले काळी बुरशी येतेय, तीनदा फोन केला तर एकदा कोणीतरी येऊन ब्लीच मारून "खिडक्या उघड्या ठेवा" सांगून गेला, भाडं मात्र दर एप्रिलला वाढतंच. तर काउन्सिलकडे खरंच पैसे नाहीत की त्यांना करायचंच नाहीये, आणि आता पुढे काय करायचं?

मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काउन्सिल हाउसिंगमध्ये काम करतेय, आधी हाउसिंग ऑफिसर म्हणून आणि नंतर रिपेअर्स आणि तक्रारींच्या बाजूला, म्हणजे मी टेबलाच्या घरमालकाच्या बाजूला बसते हे आधीच सांगते. माझं उत्तर असं की पैशाची अडचण खरी आहे, आणि तरीही मावशींच्या बाबतीत जे चाललंय त्याचं कारण पैसा नाही. घरात जाऊन नीट बघणं, सांगितलेलं लिहून ठेवणं आणि वेळेत उत्तर देणं याला फार पैसे लागत नाहीत, आणि नेमकं तिथेच आमच्या क्षेत्राने वर्षानुवर्षं माती खाल्लीय. आता दोन्ही नीट सांगते, कारण दोन्ही कळल्याशिवाय काउन्सिलशी बोलायचं कसं ते कळणार नाही.

आधी एक गोंधळ काढते. काउन्सिल हाउस म्हटलं की आपल्याकडचे पाहुणे लगेच विचारतात, म्हणजे म्हाडा का? तसं नाही. म्हाडाची लॉटरी लागली की पैसे भरून घर तुमचं होतं. इथे घर काउन्सिलचंच राहतं, तुम्ही आठवड्याच्या हिशोबाने भाडं भरता, आणि छप्पर, भिंती, लिफ्ट, पाइप, बॉयलर सगळं काउन्सिलच्या डोक्यावर. मुंबईत याच्या जवळचं काही असेल तर बीडीडी चाळी, सरकार मालक आणि कामगार, पोलीस भाडेकरू. काळही साधारण तोच, त्या चाळी १९२०च्या दशकातल्या आणि इकडे १९१९ साली अ‍ॅडिसन अ‍ॅक्ट आला, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना राहायला धड घरं नव्हती म्हणून, आणि तिथून काउन्सिलांनी मोठ्या प्रमाणावर घरं बांधायला घेतली. आज इंग्लंडमध्ये काउन्सिलांच्या मालकीची साधारण १६ लाख घरं उरलीत. उरलीत म्हणते कारण १९८०च्या हाउसिंग अ‍ॅक्टने राहत्या भाडेकरूंना घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, राइट टु बाय, आणि तेव्हापासून इंग्लंडमध्ये जवळपास २० लाख घरं त्यात गेली. बागवाली, दोन मजली, चांगल्या वस्तीतली घरं आधी गेली. काउन्सिलकडे राहिले ते मुख्यतः ब्लॉकमधले फ्लॅट, ज्यांचं मेंटेनन्स सगळ्यात महाग. आणि विकलेल्या घरांच्या बदल्यात तेवढी नवी बांधली गेली नाहीत, त्यामुळे इंग्लंडभर वेटिंग लिस्टवर १३ लाखांच्या आसपास कुटुंबं आहेत आणि सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं टेम्पररी अकोमोडेशनमध्ये, कित्येक तर मुलांना घेऊन एका खोलीत.

आता पैसा. लोकांना वाटतं काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा कर, भरतो त्यातून घरं दुरुस्त होतात. नाही होत. काउन्सिलच्या घरांचा हिशोब पूर्ण वेगळा असतो, त्याला हाउसिंग रेव्हेन्यू अकाउंट म्हणतात, आम्ही नुसतं एचआरए म्हणतो. भाडं आणि सर्व्हिस चार्ज त्यात जमा, आणि रिपेअर, स्टाफ, लिफ्ट, कर्जाचं व्याज, नव्या घरांचं बांधकाम सगळं त्यातूनच खर्च. त्या खात्यातले पैसे रस्त्यांना वापरता येत नाहीत आणि काउन्सिल टॅक्सचे पैसे घरांना वापरता येत नाहीत. म्हणजे मावशींची बुरशी निघणार ती मावशींच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भाड्यातूनच निघणार.

२०१२ साली सरकारने काउन्सिलांना सांगितलं की आता तुमचं भाडं तुमच्याकडेच ठेवा, पण त्याबदल्यात कर्ज घ्या, सगळं मिळून १३ अब्ज पौंडांच्या घरात. प्रत्येक काउन्सिलने ३० वर्षांचा प्लॅन केला, की भाडं एवढं वाढत जाईल, त्यातून कर्ज फिटेल, छपरं, किचन, बॉयलर बदलत राहू. चार वर्षांत सरकारनेच तो प्लॅन मोडला. २०१६ ते २०२० सलग चार वर्षं सोशल हाउसिंगचं, म्हणजे काउन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांचं, भाडं दरवर्षी १ टक्क्याने कमी करायचा कायदा आला. भाडेकरूला तेव्हा बरं वाटलं आणि त्यात गैर काही नाही, पण ज्या उत्पन्नावर पुढची ३० वर्षं मोजली होती ते कायमचं खाली आलं. मग महागाई आली, २०२३च्या एप्रिलला महागाईला जोडलेल्या सूत्राप्रमाणे ११.१ टक्के वाढ झाली असती, ती सरकारने ७ वर थांबवली, बरोबरच केलं, कारण ११ टक्के कोणी भरले असते? पण सिमेंट, लाकूड, प्लंबरचा रोज कोणी ७ वर थांबवला नाही. आता नवीन नियम झालाय की एप्रिल २०२६पासून १० वर्षं भाडं महागाई अधिक १ टक्का एवढं वाढू शकतं, २०२६ला म्हणून ४.८ टक्के. तर मावशींचं भाडं दर एप्रिलला का वाढतं त्याचं उत्तर हे, आणि त्यावर काउन्सिलशी भांडून उपयोग नाही, तो आकडा वरून येतो.

यात २०१७ची भर घाला. १४ जून २०१७ला केन्सिंग्टनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. टॉवर काउन्सिलचा होता. बाहेरच्या भिंतींवर लावलेलं आवरण, म्हणजे क्लॅडिंग, पेटलं. तिथल्या रहिवाशांच्या गटाने आगीच्या धोक्याबद्दल आधीच जाहीरपणे लिहिलं होतं, कोणी ऐकलं नाही, आणि ही गोष्ट आमच्या कामातल्या प्रत्येकाने रोज आठवावी अशी आहे. त्यानंतर नियम कडक झाले, व्हायलाच हवे होते. ११ मीटरच्या वरच्या बिल्डिंगमध्ये कॉमन भागातली फायर डोअर्स दर तीन महिन्यांनी बघायची, फ्लॅटचं पुढचं दार वर्षातून एकदा, बिल्डिंग १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच असली की तिचं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी कागदपत्रं. हे सगळं त्याच एचआरएमधून. त्यामुळे नवीन किचन, नवीन खिडक्या यांचे प्रोग्रॅम पाच-पाच वर्षं पुढे ढकलले गेले. मावशींच्या ब्लॉकमध्ये लिफ्ट बदलली असेल, दारं बदलली असतील आणि खिडक्या मात्र जुन्याच असतील, तर त्याचं कारण बहुधा हेच.

इथपर्यंत काउन्सिलची बाजू. आता दुसरी.

रॉचडेलमध्ये २०२०च्या डिसेंबरमध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल गेलं, घरातल्या बुरशीमुळे, हे कोरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, २०२२ साली स्पष्ट सांगितलं. आईवडील सुदानहून आलेले, एका बेडरूमचा फ्लॅट. वडिलांनी २०१७पासून सांगितलं होतं. त्यांना सांगण्यात आलं की बुरशीवर रंग मारा. त्यांच्या राहणीवर, आंघोळीच्या, स्वयंपाकाच्या सवयींवर बोट ठेवलं गेलं. शेवटी वडिलांनी वकील केला तर घरमालक संस्थेचं धोरण असं की वकिलाबरोबर सेटल होईपर्यंत रिपेअर करायचं नाही, म्हणजे तक्रार कडक केली म्हणून काम थांबलं. घरं आधी काउन्सिलची होती, २०१२ साली एका हाउसिंग असोसिएशनकडे, म्हणजे भाड्याने घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेकडे, गेलेली. यातलं काय पैशाअभावी झालं? काहीच नाही. एक माणूस जाऊन ओलावा मोजून, एक फॅन बसवून, लेखी नोंद ठेवून आला असता तर पुरलं असतं कदाचित.

"लाइफस्टाइल" हे आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात आळशी उत्तर. हाउसिंग ऑम्बड्समनने, म्हणजे भाडेकरूंच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेने, २०२१च्या ऑक्टोबरमध्ये बुरशीवर रिपोर्ट काढला त्याच्या नावातच म्हटलं होतं की ही लाइफस्टाइल नाही. आणि आपल्या लोकांना हे उत्तर जास्त मिळतं, हे मी स्वतः फाइलींमध्ये वाचलंय: भात शिजवता, कपडे आत वाळवता, माणसं जास्त. अहो, लंडनच्या जानेवारीत पाचव्या मजल्यावर कपडे वाळवायचे कुठे? ब्लॉकमध्ये वाळवायची जागा होती ती बंद कोणी केली? घरात चार माणसं श्वास घेणार, रोज गरम जेवण होणार, आंघोळ होणार, हे गृहीत धरून घर चालायला हवं, ते चालवायची जबाबदारी मालकाची.

शास्त्र साधं आहे. १९६०-७०च्या ब्लॉकमध्ये काँक्रीटचा स्लॅब बाहेरच्या भिंतीपर्यंत सलग जातो, त्यामुळे बेडरूमचा तो वरचा कोपरा कायम थंड असतो, त्याला आम्ही कोल्ड ब्रिज म्हणतो. पूर्वी जुन्या खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा, नंतर घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या खिडक्या लावल्या, पण हवा बाहेर काढायला बाथरूम-किचनमध्ये चालू फॅन दिला नाही किंवा दिलेला वर्षानुवर्षं बंद पडलाय. मग ओलसर हवा त्या थंड कोपऱ्यावर जाऊन पाणी होते आणि तिथे बुरशी येते. त्यात गॅसचं बिल परवडत नाही म्हणून बेडरूमचा रेडिएटर बंद, की झालंच. दुसरं म्हणजे वरून किंवा बाहेरून पाणी झिरपत असेल, गटर तुंबलं असेल, वरच्या फ्लॅटचा पाइप गळत असेल, ते पूर्ण वेगळं दुखणं. दोन्हींवर ब्लीच मारणं म्हणजे डाग पुसणं. त्यामुळे जो येईल त्याला विचारायचं, ओलावा मोजला का, फॅन किती हवा ओढतोय ते तपासलं का, बाहेरची भिंत आणि छप्पर बघितलं का. नसेल तर तो इन्स्पेक्शन झालाच नाही.

आता कायदा, कारण इथे तुमचा हात बराच वर आहे. रॉचडेलच्या त्या घटनेनंतर २०२३चा सोशल हाउसिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट आला आणि त्याखालचा अवाबचा कायदा, अवाब्ज लॉ, इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत येऊन धोका दूर करायचा. बुरशी आणि ओल तब्येतीला घातक होण्यासारखी असेल तर कळवल्यापासून १० वर्किंग डेजच्या आत तपासणी, तपासणी संपल्यावर ३ वर्किंग डेजच्या आत काय सापडलं ते लेखी, आणि ५ वर्किंग डेजच्या आत घर सुरक्षित करायचं. मोठं काम असेल तर तेही याच मुदतीत सुरू करायचं, नाहीच जमलं तर जास्तीत जास्त १२ आठवड्यांत प्रत्यक्ष काम सुरू दिसलं पाहिजे. या मुदतीत घर सुरक्षित होत नसेल तर दुसरीकडे राहायची सोय काउन्सिलच्या खर्चाने. आणि यात घरातल्या माणसाची तब्येत बघायची असते, त्यामुळे मावशींना दमा आहे, काकांना हार्टचा त्रास आहे, नातवंडं येऊन राहतात, हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. नुसतं "बुरशी आलीय" लिहिलं की ते रांगेत मागे जातं.

शिवाय १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम ११ आहेच, घराचा सांगाडा, पाणी, गॅस, वीज, हीटिंग नीट ठेवणं मालकावर. आणि २०१८चा कायदा म्हणतो की घर माणसाने राहण्यालायक असलं पाहिजे, यात कोल्ड ब्रिजची बुरशीही येते जी कलम ११मध्ये नीट बसायची नाही.

एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवा. प्रायव्हेट भाडेकरू काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थला, म्हणजे घरांतले तब्येतीचे धोके तपासणाऱ्या खात्याला, बोलावून मालकाला नोटीस काढायला लावू शकतो. काउन्सिलचा भाडेकरू तसं करू शकत नाही, कारण काउन्सिल स्वतःवरच नोटीस काढू शकत नाही. त्यामुळे तुमच्यासाठी रस्ता तक्रार, ऑम्बड्समन आणि अगदीच वेळ आली तर कोर्ट असा आहे.

तक्रार म्हणजे काय, इथे सगळेजण अडकतात. मावशींनी तीनदा फोन केला ती काउन्सिलच्या दृष्टीने तक्रार नाही, ती रिपेअरची मागणी आहे, आणि तीनही फोन कदाचित तीन वेगवेगळ्या जॉब नंबरखाली "पूर्ण" म्हणून बंद झालेत, कारण तो माणूस ब्लीच मारून गेला ना. म्हणून आता ईमेल करा किंवा वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्म भरा आणि त्यात स्पष्ट लिहा की ही स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीची, तक्रार आहे. आधीच्या फोनच्या तारखा, मिळतील तेवढे जॉब नंबर, फोटो तारखेसकट, जीपीचं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरचं, पत्र असेल तर ते. ५ वर्किंग डेजमध्ये पोच यायला हवी, त्यानंतर १० वर्किंग डेजमध्ये उत्तर. समाधान झालं नाही तर स्टेज टू, तिथे २० वर्किंग डेज. तिथेही नाही झालं तर हाउसिंग ऑम्बड्समन, फुकट असतं, वकील लागत नाही, आणि पूर्वी कौन्सिलर (नगरसेवक) किंवा एमपी (खासदार) यांच्यामार्फत जावं लागायचं किंवा आठ आठवडे थांबावं लागायचं ती अट २०२२च्या ऑक्टोबरमध्ये गेली. स्टेज टूच्या उत्तरानंतर १२ महिन्यांच्या आत जायचं एवढं लक्षात ठेवा. ऑम्बड्समन भरपाई द्यायला लावतो, काम करायला लावतो, आणि त्यांचे निकाल काउन्सिलच्या नावासकट छापले जातात, याला आमच्याकडे सगळे घाबरतात.

काउन्सिलवर वरून नजर ठेवणारं रेग्युलेटर ऑफ सोशल हाउसिंग वेगळं. एप्रिल २०२४पासून ते १,००० पेक्षा जास्त घरं असलेल्या प्रत्येक मालकाची चार वर्षांतून एकदा तपासणी करतात आणि सी१ ते सी४ ग्रेड देतात. लंडनमधल्या न्यूहॅमला सी४ मिळाला, म्हणजे सगळ्यात खालचा. बऱ्याच काउन्सिलना सी३ मिळालाय, आणि ते रिपोर्ट वाचले की एकच गोष्ट परत परत दिसते: आपली घरं कशा अवस्थेत आहेत हे काउन्सिललाच माहीत नाही, सर्व्हे दहा वर्षांपूर्वीचा, फायरची कामं किती उरलीत याचा धड हिशोब नाही. ज्याला आपल्या घरांची अवस्थाच माहीत नाही तो ३० वर्षांचा प्लॅन कशावर करणार? मी म्हणते ना पैसा हे पूर्ण उत्तर नाही, ते यामुळे. तुमच्या काउन्सिलचा ग्रेड ऑनलाइन मिळतो, तक्रारीत त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. रेग्युलेटर एकेका घराची तक्रार सोडवत नाही मात्र, ते ऑम्बड्समनचं काम.

आता भाडेकरूच्या बाजूने जे चुकतं तेही बोलायला हवं, कारण फाइल उघडल्यावर आम्हाला ते पहिलं दिसतं. दार न उघडणं. गॅसची तपासणी दरवर्षी कायद्याने करावीच लागते, आणि माणूस येऊन परत जातो कारण घरी कोणी नाही किंवा अपॉइंटमेंटचा मेसेज मुलाच्या जुन्या नंबरवर गेला. बुरशीच्या केसमध्ये तीन वेळा "नो अ‍ॅक्सेस" लिहिलेलं असेल तर ऑम्बड्समनकडे केस कमजोर होते. मावशींचा फोन नंबर, ईमेल काउन्सिलकडे बरोबर आहे का ते आधी बघा, मराठी किंवा हिंदी दुभाषा हवा असेल तर तसं नोंदवून घ्या, मागायचा हक्क आहे.

दुसरं भारतवारी. आपले ज्येष्ठ नोव्हेंबरला पुण्याला जातात ते मार्चला येतात. हिवाळाभर फ्लॅट बंद, हीटिंग बंद, परत येतात तर अख्खी भिंत काळी. जाताना हीटिंग अगदी कमीवर चालू ठेवा, फॅन चालू ठेवा, कोणालातरी किल्ली द्या. आणि त्याहून गंभीर म्हणजे घर हे तुमचं मुख्य राहतं घर असलं पाहिजे ही टेनन्सीची, म्हणजे भाडेकराराची, अट आहे, सहा महिने कळवल्याशिवाय गायब राहिलं तर काउन्सिल चौकशी लावू शकतं. जायच्या आधी लेखी कळवा, परतीची तारीख सांगा. भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिट ही सरकारी मदत मिळत असेल तर परदेशातून साधारण महिनाभराच्या आत परतणार असाल तरच ती चालू राहते, हाउसिंग बेनिफिटला चार आठवडे, आणि पेन्शन क्रेडिट या ज्येष्ठांच्या मदतीलाही तेच. हे न कळवता चार महिने राहून आलेल्या आजीआजोबांच्या मागे वसुली लागलेली मी बघितलीय, फार वाईट वाटतं ते बघायला, कारण त्यांना खरंच कोणी सांगितलेलं नसतं.

थकबाकीबद्दल थोडंच सांगते. युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं की पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात, तोवर भाडं चढतं, आणि कामाचं वय असलेल्या माणसाकडे एक खोली "जास्त" असेल तर मदतीतून भाड्याच्या १४ टक्के कापतात, दोन असतील तर २५, २०१३पासून. काका-मावशींपैकी दोघंही पेन्शनच्या वयाचे असतील तर ही कपात त्यांना नाही. थकबाकी झाली तर पत्र उघडा आणि फोन करा, हप्ता ठरवून घ्या, महत्त्वाचं म्हणजे बुरशीमुळे भाडं थांबवू नका. लोक रागाने थांबवतात. मग कोर्टात काउन्सिल आधी थकबाकीच्या केसने पोचतं आणि बुरशी मागे राहते.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मी प्रत्येक मराठी कुटुंबाला सांगते. हे घर पुढे मुलाला मिळेल असं बऱ्याच घरांत गृहीत धरलेलं असतं. काउन्सिलची सिक्युअर टेनन्सी, म्हणजे कायमचा भाडेहक्क, कायद्याने एकदाच पुढे जाते. काका-मावशी दोघांच्या नावावर जॉइंट टेनन्सी असेल आणि काका आधी गेले, तर मावशींच्या एकटीच्या नावावर येणं हेच ते एकदा, संपलं. त्यानंतर मुलगा तिथे वीस वर्षं राहत असला तरी त्याला हक्क नाही. टेनन्सी एकाच्याच नावावर असेल आणि जोडीदार आधीच गेला असेल तर, टेनन्सी १ एप्रिल २०१२च्या आधीची असल्यास, शेवटचे १२ महिने सोबत राहिलेल्या घरच्याला मिळू शकते, त्यानंतरच्या टेनन्सीत कायद्याने फक्त नवरा-बायको किंवा तसा जोडीदार. आईच्या तेराव्यानंतर घर सोडायची नोटीस हातात घेऊन आलेला मुलगा समोर बसतो तेव्हा सांगायला काही उरत नाही. म्हणून टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट कपाटातून काढा, कोणाचं नाव आहे, तारीख काय आहे बघा, आणि आत्ताच प्लॅन करा. तुमच्या घरातला मुलगा वेटिंग लिस्टवर आजच नाव घालू शकतो. दोघांना तीन बेडरूम जास्त होत असतील तर लहान घरात जायला बऱ्याच काउन्सिल पैसेही देतात, तळमजला किंवा लिफ्टवाला नवा ब्लॉक मिळू शकतो, आणि कोणाशी घर अदलाबदल करायची असेल तर अर्ज दिल्यापासून ४२ दिवसांत काउन्सिलला उत्तर द्यावंच लागतं. बुरशीच्या घरातून बाहेर पडायचा हा कधीकधी सगळ्यात जवळचा रस्ता असतो, याचा लोक विचारच करत नाहीत.

अजून एक, खोली भाड्याने देणं. भारतातून शिकायला आलेली मुलं काउन्सिल फ्लॅटमधली खोली रोख पैशात घेतात. भाडेकरू स्वतः तिथे राहून एक लॉजर, म्हणजे खोलीपुरता भाडेकरू, ठेवत असेल तर सिक्युअर टेनंटला ते चालतं. पण स्वतः दुसरीकडे राहून अख्खा फ्लॅट दिला तर २०१३पासून तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, टेनन्सी तर जातेच, आणि आत राहणाऱ्या मुलाला काउन्सिलकडे कसलाच हक्क नसतो. आणि ज्यांच्या व्हिसावर "नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स" (सरकारी मदतीचा हक्क नाही) लिहिलंय, म्हणजे स्टुडंट किंवा स्किल्ड वर्करवाले आपले बहुतेक सगळे, त्यांना काउन्सिलचं घर मिळत नाही, कोणी एजंट पैसे घेऊन मिळवून देतो म्हणाला तर तो फसवतोय.

घर विकत घ्यावं का हा प्रश्नही कोणीतरी मावशींना टाकणारच. नोव्हेंबर २०२४पासून राइट टु बायची सूट खूप कमी झालीय, लंडनच्या बहुतेक भागात जास्तीत जास्त १६,००० पौंड, पूर्वी ती लाखाच्या वर होती. आणि ब्लॉकमधला फ्लॅट घेतला की तुम्ही लीजहोल्डर होता, फ्लॅट ठराविक वर्षांसाठी तुमचा पण बिल्डिंग काउन्सिलचीच, म्हणजे छप्पर, लिफ्ट, क्लॅडिंगच्या कामाचा तुमच्या वाट्याचा खर्च तुमच्या अंगावर. आयटीतली आपली बरीच मंडळी एक्स-काउन्सिल फ्लॅट स्वस्त म्हणून घेतात आणि नंतर मेजर वर्क्सचं, म्हणजे बिल्डिंगच्या मोठ्या कामांचं, पाच आकडी बिल येतं. एका लीजहोल्डरला २५० पौंडांपेक्षा जास्त पडणार असेल तर काउन्सिलला आधी सेक्शन २०ची नोटीस देऊन म्हणणं मागवावं लागतं. ती नोटीस फेकू नका, त्यावर लेखी हरकत घ्यायची वेळ तीच असते. विकत घ्यायच्या आधी काउन्सिलकडून पुढच्या पाच वर्षांची नियोजित कामं लेखी मागवा.

शेवटी दारावर येणारे लोक. सध्या इस्टेटवर, म्हणजे काउन्सिलच्या वसाहतीत, घरोघर माणसं फिरतात, बुरशी आहे का, आम्ही फुकटात केस करतो, इथे सही करा. काही वकील खरंच चांगले आहेत, आणि काउन्सिल काहीच करत नसेल तर कोर्टाचा धाक कामाला येतो. पण सही करायच्या आधी विचारा की हरलो किंवा मधेच सोडलं तर खर्च कोणाचा, कोणता इन्शुरन्स, भरपाईतून तुमचा हिस्सा किती, कारण भरपाई आली तरी मुख्य काम, म्हणजे भिंत दुरुस्त होणं, मागेच राहतं असं मी खूपदा बघितलंय. दारावर सही करायची नाही एवढं मावशींना सांगून ठेवा. वकील हवाच असेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा शेल्टर या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थांकडे आधी बोला. आणि केस सुरू झाली म्हणून काउन्सिलने रिपेअर थांबवलं तर ते लगेच लेखी कळवा, तसं थांबवणं चूक आहे.

तर या आठवड्यात करायचं एवढंच: बुरशीचे फोटो, मावशींच्या जीपीकडून दोन ओळी, टेनन्सी अ‍ॅग्रीमेंटची प्रत, आणि एक ईमेल ज्यात अवाब्ज लॉखाली तपासणी मागितलीय आणि वेगळ्या परिच्छेदात स्टेज वन तक्रार म्हटलंय. ईमेल पाठवल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, १० वर्किंग डेज मोजा. कोणी आलं तर त्याचं नाव, त्याने काय मोजलं ते लिहून घ्या, लेखी रिपोर्ट ३ दिवसांत मागा. वॉर्डच्या कौन्सिलरना कॉपीत ठेवा, त्यांची दर महिन्याला सर्जरी, म्हणजे लोकांना भेटायची ठरलेली वेळ, असते, मावशींना घेऊन जा, फोटो छापून न्या. उत्तर काय येतं ते इथे लिहा, रिपोर्टची भाषा कळली नाही तर तोही वाचून सांगेन, नाव आणि पत्ता तेवढा झाकून टाका.